अक्कलदाढ आणि लपवलेले डबे

१ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे. रोज किती चाललो आणि साखर किती, एवढंच लिहायचं. तर, आज गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. सकाळची साखर एकशे अठ्ठ्याऐंशी. झालं. पानाच्या दोन ओळीसुद्धा भरल्या नाहीत.

चौतीस वर्षं मी लोकांचे दात बनवले. दंतवैद्य माप पाठवायचे, मी कवळी करून द्यायचो. लॅब म्हणजे एक खोली. तिला एक खिडकी, आणि तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. सकाळी नऊला स्टुलावर बसायचो, मेण, प्लास्टर, ब्रश, आणि उठायचो ते दिवे लागताना. आता मशिनं आली. ती तासाभरात दात कोरून हातात ठेवतात. सप्टेंबरात लॅब बंद केली. खुर्ची तेवढी बदलली, बसणं तेच.

चालायला माझी ना नाही. पण कुठे? भाजी लेक आणते, दूध दारात येतं. निव्वळ चालण्यासाठी चालणं म्हणजे तोंडात घास नसताना चावत बसण्यासारखं आहे. हे मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "पुढच्या रविवारी एक खेळ दाखवते तुला."

"पत्त्यांचा?"

"चालायचा."

८ फेब्रुवारी, रविवार

खेळ असा. जगभर लोक बाहेर, उघड्यावर, छोटे डबे लपवतात. जागेचे अक्षांश-रेखांश एका अॅपमध्ये टाकतात. बाकीच्यांनी फोन घेऊन जायचं, डबा शोधायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि होता तसा परत ठेवून द्यायचा. जिओकॅशिंग म्हणतात. "कॅश म्हणजे रोकड नाही हं बाबा," हे लेकीने आधीच सांगून टाकलं, कारण माझा चेहरा तिला कळतो.

मी विचारलं, "मग मिळतं काय?"

"डबा."

"आणि तो परत ठेवायचा?"

"हो."

म्हटलं, शिकलेली माणसं आहेत. पण मग नकाशा पाहिला. आमच्या एवढ्याशा गावात त्रेसष्ट हिरवे ठिपके. आणि मी इथे छत्तीस वर्षं राहतोय.

पहिला ठिपका वाचनालयाच्या मागे होता. फोनमधला बाण तीन-चार पावलांपर्यंत नीट नेतो, मग भांबावतो. पुढचं काम डोळ्यांचं. सूचना होती, 'वाचू नका, चाचपा.' आम्ही सायकली लावायची जागा पालथी घातली. एक बाई गॅलरीतून बघत होत्या. "काय हरवलं?" त्यांनी विचारलं. मी घाईत "चष्मा" म्हणालो. तो माझ्या नाकावर होता. लेक भिंतीकडे तोंड करून हसली.

पाऊण तासाने मला सापडला. 'येथे वाहने लावू नयेत' या पाटीच्या मागे हात घातला तर लोहचुंबकाने चिकटलेली अंगठ्याएवढी नळी. आत कागदाची गुंडाळी. त्यावर नावं: मुंगी, तिरका डावा, दोन चपला, परत मुंगी. इथे खरं नाव लिहायचं नसतं.

"तू काय घेतोस?" लेक म्हणाली.

"दातवाला."

"शी. अक्कलदाढ घे. उशिरा येते, पण येते."

लिहिलं. चाललो अडीच किलोमीटर, आणि हे मला घरी आल्यावर कळलं.

१२ फेब्रुवारी

आज एकटा. लेक म्हणाली, काम आहे. पुलाच्या कठड्यातला डबा. सापडला. वर मुंगीची सही.

१५ फेब्रुवारी, रविवार

आजचं जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या धंद्याचा प्रश्न होता.

वखारीच्या मागे ओढ्याकडे उतरणारी वाट आहे. तिथे दगडांचा ढीग. सूचना, 'आम्ही सारे सारखे.' शंभर-दीडशे दगड असतील. लेक एकेक उचलून पाहायला लागली. मी म्हटलं, थांब. मी नुसता उभा राहिलो. खरा दगड एका रंगाचा नसतो, जसा खरा दात एका रंगाचा नसतो. मुळाशी पिवळट, टोकाशी काचेसारखा, मध्ये ढगाळ. नवशिका माणूस सगळ्या दाताला एकच रंग देतो आणि कवळी लांबून ओळखू येते. त्या ढिगात एक दगड असा होता, की त्याला एकच रंग होता.

"तो," मी म्हटलं.

आतून पोकळ. डबा त्यातच. लेकीने टाळ्या वाजवल्या. मी फुगलो, कबूल करतो. खोटं खऱ्यासारखं करण्यात माझा जन्म गेला, मला खोटं ओळखता येणार नाही?

परत येताना तिने विचारलं, "तू एकटाही येऊ शकशील ना रे असा? म्हणजे मी नसले तरी?"

मी म्हटलं, डबे सापडतात मला, तू नसलीस तर उलट लवकर सापडतात. ती हसली, पण उशिरा हसली. दमली असेल.

२१ फेब्रुवारी

धुण्याच्या मशीनवर लेकीने पट्ट्या चिकटवल्या आहेत. 'पांढरे इथे.' 'रंगीत इथे.' 'हे बटण दाबून मग हे.' मसाल्याच्या बरण्यांवरही नावं. माझ्या गोळ्यांच्या डबीवर वार.

मला राग आला. तिला वाटतंय माझी स्मरणशक्ती चालली. दुपारी बसून बत्तीस दातांची नावं आणि मुळं वरच्या उजवीकडून क्रमाने म्हणून पाहिली. एकही चुकलो नाही. संध्याकाळी तिलाही म्हणून दाखवली. ती म्हणाली, "बाबा, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "तेच मी विचारतोय." विषय तिथेच राहिला.

१ मार्च, रविवार

आज अठ्ठावीस डबे झाले. साखर एकशे चाळीस. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा. त्यांना डब्यांचं सांगितलं नाही.

या महिन्यात मला काय काय दिसलं, ते एकदा लिहून ठेवतो. गावाच्या मधोमध, दोन बँकांच्या इमारतींच्या मध्ये, एक दगडी जिना आहे. तो खाली ओढ्यापर्यंत जातो आणि त्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या आहेत. कोणाच्या पायांनी, कुणाला ठाऊक. बंद पडलेल्या वीटभट्टीच्या धुराड्यात पाकोळ्या राहतात. संध्याकाळी सगळ्या एकदम आत शिरतात, मोरीत पाणी शिरावं तशा. जुन्या शाळेच्या कुंपणाच्या भिंतीत एका दगडात शिंपला आहे. अख्खा, शंभर रेषांचा. मी तिथे डबा शोधत होतो आणि बोट शिंपल्यावर पडलं.

लेकीला नेऊन दाखवला. ती तिथे गुडघ्यावरच बसली. "म्हणजे इथे पाणी होतं, बाबा! ही सगळी भिंत पाण्याखाली होती कधीतरी!" ती पालिकेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते. आठ वर्षं रोज नळाच्या बाटल्या. तिला पाण्याचं एवढं नवल अजून कसं राहिलं, मला कळत नाही.

८ मार्च, रविवार

मुंगी भेटली!

कालव्याच्या मोरीपाशी गेलो तर एक बाई कठड्यावर बसलेल्या. नारिंगी टोपी, हातात काठी, साठीच्या पुढच्या. त्या बुटाची नाडी बांधत होत्या. म्हटलं, बांधून झाली की जातील. मी पाण्याकडे बघत उभा राहिलो. नाडी बांधून झाली, त्यांनी दुसरी सोडली. मी घड्याळ पाहिलं, उगाच कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखं केलं. अशी दहा मिनिटं गेली असतील.

शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही बसणार आहात की जाणार आहात? मला त्या पाइपात हात घालायचाय."

"मलाही," मी म्हटलं.

त्यांनी मला खालून वर पाहिलं. "अक्कलदाढ?"

"मुंगी?"

मग हसलो ते इतकं की कालव्यातली बदकं उडाली. बाई ऑपरेशन थिएटरात नर्स होत्या. "टाके घालायच्या आधी सुया मोजायच्या, कात्र्या मोजायच्या, बोळे मोजायचे. काही आत राहिलं नाही ना, ते बघायचं. एकतीस वर्षं शोधतच होते म्हणा ना." गुडघा बदलल्यापासून सावकाश चालतात, म्हणून मुंगी. पण त्रेसष्टपैकी साठ त्यांचे झालेत.

त्यांनी विचारलं, "मुलगी नाही आली?" मी म्हटलं, हल्ली येत नाही, काम काम करते. त्या नुसतं "हं" म्हणाल्या आणि डबा माझ्या हातात दिला. मी मुलीविषयी त्यांना काही बोललो होतो का? आठवत नाही. बोललो असेन.

१४ मार्च

लेक गॅलरीत फोनवर बोलत असते. मी गेलो की "नंतर बोलते" म्हणून ठेवून देते. आज तिने नवीन पातेलं आणलं. एवढंसं, एका माणसाचा भात होईल इतकं. मी म्हटलं, आपण दोघं आहोत. ती म्हणाली, असू दे, कधीतरी लागतं.

मी मूर्ख नाही. कोणीतरी आहे. तिची आई असती तर एव्हाना तिने विचारलं असतं. ती जाऊन चार वर्षं झाली, तेव्हा हे माझ्याकडे आलं. जेवताना विषय काढला.

"कोण आहे?"

"कोण कोण?"

"फोनवर. माझी हरकत नाही, एवढंच सांगतोय."

तिने घास खाली ठेवला. वाटलं, सांगते आता. मग म्हणाली, "तलाव आहे, बाबा."

तलाव? टोपणनाव असेल. हल्ली सगळ्यांनाच असतं. मी म्हटलं, बोलाव एकदा तलावाला चहाला. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सुरू होता.

२१ मार्च

माझा पहिला डबा लपवला. चौसष्टावा ठिपका माझा!

आठवडाभर लॅबमधलं उरलेलं प्लास्टर काढून बसलो होतो. ओढ्यातल्या एका खऱ्या दगडाचा साचा घेतला, पोकळ ओतला, पाच रंग दिले, शेवाळाच्या जागी ब्रशने हिरवं ठिपकलं. लेकीच्या हातात दोन दगड ठेवले आणि विचारलं, खरा कुठला? तिने चुकीचा दाखवला. चौतीस वर्षांत एवढा आनंद कुठल्या कवळीने दिला नाही.

वखारीच्या खालच्या घळीत ठेवला, पाण्याच्या कडेला, खडकाच्या खाचेत. लेक म्हणाली, "तिथे निसरडं आहे." मी म्हटलं, सोपं असलं तर मुंगीबाई पहिल्याच दिवशी नेतील.

२५ मार्च

मुंगीबाईंनी अॅपवर लिहिलंय, 'दोनदा गेले, नाही सापडला. अक्कलदाढ, ही अक्कल नव्हे, खोडसाळपणा.' मी हे तीनदा वाचलं.

२९ मार्च, रविवार

डावा घोटा मोडला आहे. पाय उशीवर ठेवून लिहितोय. काल जे झालं ते क्रमाने लिहितो, कारण मला ते अजून नीट उलगडत नाहीये.

काल शनिवार. मुंगीबाईंची तिसरी नोंद आली, 'नाही सापडला.' मी दगड जागेवर आहे ना बघायला गेलो, असं म्हणायचं. खरं म्हणजे मिरवायला गेलो, स्वतःपुढेच. घळीत उतरताना पाय सरकला. कट् असा आवाज मी ऐकला, दात मोडल्यासारखा. मग मी पाण्यात बसलेलो, कमरेपर्यंत ओला, आणि फोनला रेंज नाही. हाका मारल्या. वर वखारीत करवत चालू होती, कोणाला ऐकू जाणार?

तास-दीड तास गेला. पाण्यात बारीक किडे नाचत होते, ते बघत बसलो. भीती वाटत होती, पण किड्यांचं काय चाललंय हेही बघत होतो. आश्चर्य आहे.

मग वरून नारिंगी टोपी दिसली. मुंगीबाई चौथ्यांदा शोधायला आल्या होत्या. काठी टेकत, बसत, घसरत खाली आल्या. घोट्याला हात लावून म्हणाल्या, "मोडलाय." ओढणी काढून दोन फळकुटांत पाय बांधला. मग म्हणाल्या, "वर जाऊन माणसं आणते. आणि मुलीला फोन... छे, आज नेमकं तिला पाचपर्यंत उत्तर कळवायचंय."

मी विचारलं, "कसलं उत्तर?"

त्यांचा चेहरा उतरला. "तिने नाही सांगितलं अजून?"

मग सगळं बाहेर आलं. लेकीला तलावांच्या अभ्यासकेंद्रात काम मिळालंय. लांब, गाडीने एक रात्र आणि वर अर्धा दिवस. निदान तीन वर्षं. तिने फेब्रुवारीतच अॅपवरून मुंगीबाईंना लिहिलं होतं, 'अक्कलदाढ माझे बाबा आहेत. मी कदाचित परगावी जाईन. रविवारी त्यांना सोबत द्याल का?' यांनी उत्तर दिलं होतं, 'आधी त्यांना सांग.' आणि ती उद्या सांगते, उद्या सांगते करत राहिली.

पट्ट्या. बरण्या. पातेलं. तलाव. मी तिथे पाण्यात बसून एकेक मोजलं.

"फोन करू नका," मी म्हटलं.

"अहो, मुलीला कळवायला नको?"

"पाच वाजून गेल्यावर कळवा."

त्यांनी वखारीतली चार माणसं आणली. त्यांनी मला एका फळीवर बसवून वर काढलं, सागवानाचा ओंडका असल्यासारखं. हॉस्पिटलात प्लास्टर घालणाऱ्या पोरीला मी म्हटलं, जरा पातळ झालंय, बुडबुडे राहतील. ती म्हणाली, काका, गप्प झोपा.

सहाला घरी आलो. लेकीने दार उघडलं, पाय पाहिला आणि भिंतीला टेकली. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं रडेल. ती चिडली. "पाण्यात बसला होतास! मला फोनसुद्धा केला नाहीस! आणि मी चारलाच कळवून बसले, येते म्हणून!" मग एकदम शांतपणे म्हणाली, "सोमवारी कळवते त्यांना. जमणार नाही म्हणून."

ही वही माझीच आहे तेव्हा खरं लिहितो. ती असं म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं. क्षणभर नाही, चांगलं तासभर. पाच वाजेपर्यंत फोन नको म्हणणारा मीच, आणि हाही मीच.

१ एप्रिल

तिने अजून कळवलं नाही. मी काही विचारलं नाही. ती मला अंघोळीला खुर्ची लावून देते, चहा हातात देते. माझ्यानं 'जा' म्हणवत नाही, 'राहा' म्हणायला तोंड नाही. गप्प राहिलं की आपोआप 'राहा' होतं. हे मला माहीत आहे, आणि मी गप्प आहे.

३ एप्रिल, शुक्रवार

आज मी तिला तिच्या कामातला, पाण्याविषयीचा, एक प्रश्न विचारला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

घळीतले किडे डोक्यातून जात नव्हते. म्हटलं, "पाण्यावर ते बारीक किडे नाचतात ते कोणते गं?" तिने विचारलं, कसे नाचत होते, कडेला की मध्ये, पाणी वाहतं होतं की साचलेलं. मी सांगितलं. ती उठून गेली आणि तासाभराने बाटली घेऊन आली. घळीत जाऊन आली होती! मग कपाटातून सूक्ष्मदर्शक काढला. माझ्या पलंगावर पाट ठेवला, त्यावर तो, आणि एक थेंब.

मी डोळा लावला. त्या एका थेंबात गाव होतं. कोणी गरगर फिरतंय, कोणी पारदर्शक, त्याच्या पोटातलं जेवण दिसतंय, कोणी दुसऱ्याला धरून बसलंय. मी "हा कोण? आणि हा?" विचारत राहिलो आणि ती सांगत राहिली. मग तलावांचं निघालं. तलाव वर्षातून एकदा-दोनदा उलटतो म्हणे. वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली जातं, आणि तळाचं वर येतं. सगळा तलाव आतल्या आत कूस बदलतो आणि काठावर बसलेल्या माणसाला काही पत्ता नसतो. का उलटतो हे माहीत आहे, पण तिकडचा एक तलाव गेली सहा वर्षं उलटतच नाही, आणि ते का, हे कोणालाच माहीत नाही.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय? कोणीतरी बघायला हवं ना."

तिच्या तोंडाकडे पाहिलं. पाटीमागे हात घातल्यावर बोटाला नळी लागते, त्या क्षणाचा चेहरा.

मी म्हटलं, "त्यांना काही कळवू नकोस. आधी कळवलंयस तेच राहू दे."

ती बाटलीचं झाकण लावत राहिली. "आणि तू?"

"मला चालता येतं."

"पाय मोडलाय तुझा, बाबा."

"सहा आठवड्यांनंतरचं बोलतोय."

"पडलास तर?"

"पडेन. पण घळीत नाही. तो डबा काढून टाकतो तिथला." मग मला सुचेना, तेव्हा म्हटलं, "तो तलाव का उलटत नाही, हे मलाही आता कळायला हवं. कोण सांगणार मला?"

तेव्हा ती रडली. मी पाट हलू नये म्हणून धरून बसलो. आणखी काही करता आलं असतं, पण तेवढंच सुचलं.

१२ एप्रिल, रविवार

मुंगीबाई भेटायला आल्या. म्हणाल्या, "तुमचा डबा अजून मिळालेला नाही. तुम्ही मिळालात, त्याची नोंद करू का?" मी माफी मागितली. त्यांनी बरंच सुनावलं. "लपवायचं तर डोळ्यांपासून लपवा. पायांपासून कसलं लपवता? तुमच्या जागी माझा गुडघा गेला असता म्हणजे?" बरोबर आहे. त्यांची काठी पाहून मान खाली घातली.

लेक चहा घेऊन आली. दोघी एकमेकींकडे पाहून ओशाळल्या. मी म्हटलं, तुमचा कट फार कच्चा होता. लेक म्हणाली, "तुला दोन महिने कळला नाही, बाबा."

८ मे

प्लास्टर काढलं. आतला पाय माझा वाटत नाही, कोणाचा तरी मापाला पाठवलेला वाटतो. काठी घेऊन दोनशे पावलं.

१६ मे, शनिवार

गाडी दुपारची होती. तिने मला स्टेशनवर येऊ नको सांगितलं, मी गेलो. डब्याच्या खिडकीतून ती सूचना देत होती: गोळ्या, डॉक्टर, गॅसचा नॉब. मी हो हो म्हणत होतो. गाडी हलली तेव्हा म्हणाली, "बाबा, रविवारी मुंगीबाई येतील हं नऊला." मी ओरडलो, "अगं, मीच बोलावलंय त्यांना!"

मग फलाटावर थोडं बसलो. घरी आलो. त्या पातेल्यात भात केला. पाणी जास्त झालं.

२४ मे, रविवार

मुंगीबाईंबरोबर वीटभट्टी. दोघांच्या दोन काठ्या, वेग बैलगाडीचा. एक डबा.

लेकीचा रोज फोन येतो. मी विचारतो, कसं आहे तिकडे? ती म्हणते, छान आहे. खोली कशी आहे? छान आहे. जेवण? छान. मी तिला सांगतो, इथेही छान आहे. मग दोघंही थोडा वेळ फोन धरून बसतो. आमच्या घरात बोलणारी एकच होती, ती चार वर्षांपूर्वी गेली. भात काल जमला होता, तो मात्र सांगितला.

३१ मे, रविवार

सकाळी आठलाच फोन. आवाजावरून ती बाहेर उभी होती.

"बाबा, डबा मिळत नाहीये."

"कुठला डबा?"

"इथला. सुट्टी आहे तर म्हटलं बघू. अर्धा तास झाला. माणसं बघतायत. बाण इथेच दाखवतोय."

"सूचना काय आहे?"

"'वाट पाहायची, पण बसून नाही.'"

मी चष्मा लावला, ही वही आणि पेन्सिल ओढली. "कुठे उभी आहेस, नीट सांग."

"बस थांब्यावर."

"असं नाही. काय काय दिसतंय, सगळं. डावीकडून सुरू कर."

आणि तिने सांगितलं. डावीकडे बंद झालेली तिकीटखिडकी, लोखंडी जाळीची, जाळीत पानं अडकलेली. मग भिंत, कमरेइतकी, काळ्या दगडाची, त्यावर दोन मांजरं. मध्ये बाक, चार फळ्यांचा, एक फळी नवीन. बाकाखाली बघितलंस? बघितलं. सूचनेत बसून नाही म्हटलंय, बाक सोड. वर काय आहे? पत्र्याचं छप्पर. खांब किती? तीन. गोल की चौकोनी? गोल, आतून पोकळ असतील. वाजवून बघ. ठक्, ठक्, ठक् मला ऐकू आलं. उजवीकडे? उजवीकडे झाड, त्याच्या मुळांनी फरशी उचललीय, तिथे चप्पल दुरुस्त करणारे आजोबा बसतात, ते आत्ता तिला विचारत होते काय हरवलं. तू काय सांगितलंस? "कानातलं," ती म्हणाली. झाडाच्या पलीकडे उतार, उताराच्या तळाशी धक्का, दोरांना बांधलेल्या होड्या, ओल्या दोरांचा वास इथवर येतोय. आणि मग पाणी.

"केवढं?"

"पलीकडचा काठ दिसत नाही अजून. धुकं आहे. रोज सकाळी असतं. मी खिडकी उघडते ना, तर आधी नुसतं पांढरं असतं, मग साडेआठला एक टेकडी वर येते, एकटीच, पाण्यातून निघाल्यासारखी. माझी खोली त्या तिकीटखिडकीच्या वरच आहे, बाबा. निळं दार."

मी ते सगळं या पानावर काढत गेलो. भिंत, बाक, तीन खांब, झाड, उतार, होड्या. निळ्या दाराला पेन्सिल निळी नव्हती म्हणून नुसतं 'निळं' लिहिलं. पंचावन्न मिनिटं बोललो. तिच्या फोनची बॅटरी संपत आली.

डबा सापडला नाही. ती संध्याकाळी परत जाणार आहे. मी सांगितलंय, जाण्याआधी मला फोन कर, छपराच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू करू.